रोप घ्या, पण पारखून



माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात आपल्या अनेकांची जमीन थोडी. मुंबई-पुण्यात राबणारा मुलगा पैसे पाठवतो आणि विहिरीकडेला कागदी लिंबाची पंधरा-वीस रोपे लागतात. फळ धरायला काही वर्षे जातात. तोवर पोटच्या पोरासारखे पाणी घालायचे. आणि मग पानांवर, फळांवर तपकिरी, खरबरीत डाग उठतात. पानावरच्या डागाभोवती पिवळे कडे. हाच खैऱ्या रोग. डागाळलेले लिंबू पडेल भावाने जाते.

ही कुणाची नजर नव्हे. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. वाऱ्यासोबतचा पाऊस तो झाडोझाडी पसरवतो. काट्यांच्या जखमा आणि नागअळीने पोखरलेली पाने त्याला आयती वाट देतात. संत्र्याला तो कमी, मोसंबीला त्याहून अधिक आणि कागदी लिंबाला फारच छळतो.

म्हणून शास्त्रज्ञ तग धरणारे झाड शोधतात. निरनिराळ्या झाडांची कोवळी पाने सुईने टोचून त्यांवर जिवाणू मिसळलेले पाणी लावतात. काही पानांना नुसते पाणी लावतात, म्हणजे फरक कळतो. मग डाग किती पडले, केवढे वाढले, हे मोजतात. असे पुन्हा पुन्हा करून झाड शेतातही पारखतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती आणि परभणीची प्रमालिनी या जाती खैऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतात. रोग मुळीच येत नाही, असे मात्र नव्हे.

येथेच आपली फसगत होते. आपल्याकडे पाऊस कमी. कोरड्या वर्षी साधे झाडही निरोगी दिसते. "आमच्या झाडाला रोगच नाही," असे रोपे विकणारा सांगतो, ते खोटे नसेलही. पण त्या झाडाची परीक्षाच झालेली नसते. ओल्या वर्षी खरे काय ते कळते. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

तेव्हा रोप घेताना पाने उलटून पाहा. जात विचारा. मातृवृक्ष भर पावसाळ्यात कसा होता, ते विचारा. पावती मागायला लाजू नका. झाडावर डाग दिसलेच तर पावसाळ्यापूर्वी रोगट फांद्या छाटून जाळा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून बोर्डो मिश्रण फवारा.

पैसा घामाचा आहे. तो पारखूनच मातीत घालावा.