बरं झालेल्यांची गोष्ट

कॅन्सर झालेला तरुण माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी आधी पाहिला तो पडद्यावर, आणि तिथे तो शेवटी गेला. १९७१च्या ‘आनंद’चा नायक गेला, १९७८च्या ‘अंखियों के झरोखों से’ची नायिकाही गेली. डोळे पुसत थिएटरातून बाहेर पडलेल्या दोन पिढ्यांच्या मनात पक्कं बसलं की या दुखण्यातून तरुण माणूस परत येत नाही. आज परत येतात. लहानपणी रक्ताचा कॅन्सर झालेली कितीतरी मुलं दोन-तीन वर्षांचे उपचार पुरे करून बरी होतात, शिकतात, कामाला लागतात. त्यांची गोष्ट मात्र अजून आपल्या कानावर आलेली नाही.

मराठीत तिच्या जवळ गेला तो संदीप सावंत यांचा ‘श्वास’. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा सिनेमा २००४मध्ये आला. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. कोकणातला परशा, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर, शहरातलं हॉस्पिटल. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. म्हणून आजोबा त्याला ऑपरेशनआधी जग दाखवायला हॉस्पिटलातून बाहेर काढतात. परशा जगतो, घरी परततो आणि सिनेमा संपतो. मला त्याच्या पुढचा परशा पाहायचा आहे, वीस-बावीस वर्षांचा. तो कुणाशी बोलतो, कशावर चिडतो, त्याला कोण मुलगी देतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, गावांत असे परशा आहेतच. ते दिसत नाहीत, कारण घरच्यांनी त्यांना झाकून ठेवलेलं असतं. जुलैत भातलावणीला सगळं घर चिखलात उतरतं. केमो चालू असलेल्या पोराला आई बांधावर बसवते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, पायाला काही लागलं तर साधी जखमही जिवावर बेतू शकते. इंद्रायणीची रोपं मुठीमुठीने पुढे सरकत असतात आणि एरवी सगळ्यांच्या पुढे असणारा मुलगा इरलं पांघरून नुसता बघत राहतो. जाणारा-येणारा हटकतो, “काय रं, लई मोठा सायेब झालास व्हय?” पोरगं खाली मान घालतं. बाहेर काही बोलायचं नाही, असं घरात ठरलेलं असतं. धाकट्या बहिणीचं जमायचं असतं.

मुलगी असेल तर कुलूप आणखी घट्ट. केस परत येतात, रंग परत येतो, पण स्थळ आलं की आधी फाईल ट्रंकेत जाते. केमोचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. पुढची दहा वर्षं गप्प राहण्याचा भार मात्र ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. कॅन्सर शिवल्याने किंवा ताटात जेवल्याने होत नाही, हे डॉक्टर सांगून थकले, तरी पेला वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत.

नावाजलेली माणसं बोलली, त्याचा उपयोग झालाच. सोनाली बेंद्रे यांनी २०१८मध्ये आपलं दुखणं स्वतःहून जाहीर केलं. शरद पोंक्षे उपचारांनंतर २०१९मध्ये ‘हिमालयाची सावली’ घेऊन रंगमंचावर उभे राहिले, पुढे ‘दुसरं वादळ’ या पुस्तकात त्यांनी सगळं लिहिलं. पण त्यांच्या मागे नाव होतं, प्रेक्षक होता. गावातल्या पोराला यातलं काही नाही.

मुंबईत अशा पोरांसाठी वाट पाडली गेली आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात १९९१मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. उपचार संपले तरी हृदय, वाढ, मूलबाळ होण्याची क्षमता यांवर त्यांचे परिणाम वर्षानुवर्षं राहू शकतात, म्हणून तपासणी चालू ठेवायची. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९मध्ये उभा राहिला. आपण बरे झालो आणि धडधाकट उभे आहोत, हे ते नव्या रुग्णांच्या घरच्यांना समोर जाऊन दाखवतात. औषधाच्या चिठ्ठीवर ही गोष्ट लिहून मिळत नाही.

बोलायला शब्दच लागतात असंही नाही. अमेरिकेतल्या सुलैका जवाद हिला २०११मध्ये, बाविसाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. हॉस्पिटलच्या खाटेवरून ती वर्तमानपत्रात सदर लिहू लागली. बरी झाल्यावर, ज्या अनोळखी वाचकांनी पत्रं लिहिली होती त्यांना भेटायला गाडी घेऊन देशभर हिंडली. पहिल्या निदानानंतर दहा वर्षांनी दुखणं उलटलं. या वेळी औषधांनी नजर धूसर केली, लिहिणं जमेना, तेव्हा तिने जलरंग हातात घेतले. २०२४मध्ये ती चित्रं तिच्या चित्रकार आईच्या चित्रांबरोबर प्रदर्शनात लागली. हातात जे साधन उरलं, त्याने ती बोलली.

कला म्हणजे औषध नव्हे. तपासणीची तारीख चुकवून कुणी चित्रं काढत बसू नये. पण पाहुणा विचारतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं: कशानं झालं, किती पैसा गेला, परत होईल का? चित्रात, गाण्यात, सोंगात तसं नसतं. काय दाखवायचं, कुठे थांबायचं, हे करणाऱ्याच्या हातात राहतं. ज्याच्या शरीराबद्दल दोन-तीन वर्षं दुसऱ्यांनीच निर्णय घेतले, त्याला हा अधिकार फार मोठा असतो. शिवाय त्याने ‘योद्धा’ व्हावं अशी कुणाची सक्ती नको. भीती वाटली, राग आला, मित्र तुटले, हेही त्याला सांगता यावं.

यासाठी पुण्या-मुंबईच्या कलादालनाची वाट बघायला नको. आपल्याकडे मंच कमी नाहीत. भोरच्या राजवाड्याचा रामनवमीचा उत्सव आहे, वेल्ह्याच्या मेंगाईची यात्रा आहे, गणपतीचे मांडव आहेत, कॉलेजची स्नेहसंमेलनं आहेत. सोंगी भारूड तर इथल्या मातीतलं. त्यात नाना सोंगं येतात, मग केमोचं का येऊ नये? नाव सांगायचं की नाही, फोटो काढू द्यायचा की नाही, हे सादर करणाऱ्याने ठरवावं आणि मंडळाने ते पाळावं. ज्याला उभं राहायचं नाही, त्याचं चित्र बिननावाचं वाचनालयाच्या भिंतीवर लागलं तरी चालेल. शाळेतल्या चित्रकलेच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी मनावर घेतलं, तर सुरुवातीला पैसा फारसा लागणार नाही.

हे सारं केवळ त्या तरुणाचं मन मोकळं व्हावं म्हणून नाही. त्या मांडवात अशी एखादी आई बसलेली असेल, जिच्या पोराची तिसरी केमो पुढच्या आठवड्यात आहे आणि जी अर्ध्यावर उपचार सोडायच्या विचारात आहे. तिला आकडे सांगून पटणार नाही. आपल्याच तालुक्यातला, आपल्याच बोलीत बोलणारा, बरा झालेला पोरगा तिने डोळ्यांनी पाहिला पाहिजे.