शिक्षणसंशोधनाचे अग्रक्रम : प्रश्न कोणी विचारायचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात पीएच.डी.च्या नोंदणीसाठी एक शिक्षिका आल्या होत्या. मेळघाटातील एका प्राथमिक शाळेत त्या शिकवत होत्या. घरी कोरकू बोलणारी मुले पहिलीत येतात, तेव्हा मराठीच्या पाठ्यपुस्तकाशी त्यांची गाठ कशी पडते आणि तिसरीपर्यंत त्यांच्या वाचनाचे नेमके काय होते, याचा अभ्यास त्यांना करावयाचा होता. सोबत त्यांनी एक वही आणली होती. पाठ्यपुस्तकातील जे शब्द मुलांना अडले, ते त्यांनी तारखेनिशी टिपून ठेवले होते. आम्ही ती वही कौतुकाने चाळली. मग हा विषय शिक्षणशास्त्राचा आहे, आमच्याकडे त्याला मार्गदर्शक नाही, असे सांगून त्यांना एका ग्रामीण कादंबरीकारावर काम करण्याचा सल्ला दिला. सल्ला देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. हा विषय भाषेचा आहे असे सांगून शिक्षणशास्त्राच्या विभागाने त्यांना आधीच परत पाठविले होते, हे आम्हांला नंतर कळले.

या प्रसंगात कोणाचा दुष्टावा नव्हता. नियमांचे उल्लंघनही नव्हते. तरीही सरकारी वेतनावर जगणाऱ्या दोन विभागांनी मिळून सरकारी शाळेतील एक खरा प्रश्न दाराबाहेर ठेवला, ही वस्तुस्थिती उरतेच. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंशोधनाचे अग्रक्रम कोण ठरवतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रशासनाचा राहत नाही. तो मराठीच्या अध्यापकांचाही आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तो वेगळ्या रूपात मांडला होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो. मग शिक्षणावरचा खर्च उच्च वर्गांच्या शिक्षणाकडेच प्राधान्याने का वळतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी याच युक्तिवादातून आली. पैसा ज्यांचा, त्यांच्या गरजांना खर्चाच्या क्रमात पहिले स्थान असावे, हे साधे तत्त्व त्यामागे होते. शिक्षणाच्या खर्चाला आपण ते निदान तत्त्वतः मान्य केले. शिक्षणाविषयीच्या संशोधनाला मात्र ते लावून पाहिल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्थांची उणीव राहिली नाही. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आली. कोठारी आयोगाचे आणि पुढे या दुसऱ्या परिषदेचेही सदस्य-सचिव राहिलेले जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. संशोधन, धोरण आणि खेड्यातील शाळा यांचा सांधा जुळावा यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. परंतु अशा संस्थांतून अनुदानाचे विषय ठरतात ते बहुधा तज्ज्ञसमित्यांच्या बैठकांत. ज्या शिक्षकाच्या वर्गात प्रश्न उभा राहतो, त्याला त्या बैठकीत जागा नसते. आणि आपला प्रश्न कोठे नोंदवावा हेही त्याला ठाऊक नसते.

याची किंमत काय पडते, ते २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. १६ एप्रिल रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासननिर्णय निघाला. विरोधानंतर १७ जूनला त्यात बदल झाला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. कनिष्ठ प्राथमिक स्तरावर एकच भाषा, म्हणजे मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, सक्तीची असावी, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ पासून उपलब्ध होती. या अडीच महिन्यांत अस्मितेची भाषा पुष्कळ बोलली गेली. मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांत आपणही होतो, आणि ते योग्यच होते. पण सहा वर्षांच्या मुलाच्या वाचनावर तिसऱ्या भाषेचा काय परिणाम होतो, घरी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला ती तिसरी असते की चौथी, असे कोणी विचारले असते, तर महाराष्ट्राच्या वर्गांतून गोळा केलेला कोणता पुरावा आपण पुढे ठेवला असता? आपल्यापाशी भूमिका होती, अभ्यास नव्हता. शासनापाशीही निर्णय होता. त्याला आधारभूत असे संशोधन लोकांसमोर आले नाही.

गोंडी ही द्राविडी कुळातील आणि कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. या घरांतील मुलांच्या बाबतीत प्रमाण मराठी ही ‘बोलीची थोडी शुद्ध आवृत्ती’ नसते. ती वेगळ्या कुळातील भाषा असते. हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो आणि परीक्षेत विचारतो. त्याचे पहिलीच्या वर्गात काय होते, याचा शोध घेणे मात्र आपण दुसऱ्या कोणाचे काम मानतो. २०११ ते २०१६ या काळात वाडा तालुक्यातील मराठी आणि कर्नाटकातील यादगीर येथील कन्नड शाळांत मुलांच्या प्रारंभिक वाचनलेखनाचा मागोवा घेणारा ‘लिरिल’ हा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्याला आर्थिक पाठबळ टाटा न्यासाचे होते. मुलांना वाचता येते का, हे गावोगाव जाऊन तपासणारा ‘असर’ अहवालही २००५ पासून एक स्वयंसेवी संस्थाच काढत आली आहे. या कामांचे मोल मोठे आहे. परंतु सरकारी शाळेतील मुलाला वाचता का येत नाही, हे समजून घेण्यासाठी खाजगी न्यासाच्या औदार्याची वाट पाहावी लागावी, हे सार्वजनिक संशोधनव्यवस्थेला भूषणावह नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. अग्रक्रम ठरवण्याचा अधिकार शासनाला दिला, तर संशोधकाच्या स्वातंत्र्याचे काय? ही भीती काल्पनिक नाही. २०१९ मध्ये केरळ केंद्रीय विद्यापीठाच्या परिपत्रकात पीएच.डी.चे विषय राष्ट्रीय अग्रक्रमांना धरून असावेत अशी सूचना होती. तिच्या निषेधार्थ अभ्यासमंडळाच्या एका सदस्येने राजीनामा दिला. तो निषेध रास्त होता, असे मी मानतो. मात्र त्यातून निघणारा धडा ‘अग्रक्रम नकोत’ असा नाही. शासनाचे अग्रक्रम आणि लोकांचे अग्रक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले परिपत्रकाने येतात. दुसरे विचारल्याशिवाय कळत नाहीत. शिवाय अग्रक्रम नसणे म्हणजे स्वातंत्र्य, हाही भ्रमच आहे. मार्गदर्शक कोण उपलब्ध आहे, साहित्य हाताशी आहे का, प्रबंध तीन वर्षांत उरकेल का, हे आपल्या विभागांतील अलिखित अग्रक्रमच असतात. माझा स्वतःचा प्रबंध याच कसोट्यांवर निवडला गेला होता. तो स्वातंत्र्यातून आला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

लोकांना विचारून अग्रक्रम ठरवणे अव्यवहार्य नाही. ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधनासाठी २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हे काम करते. एखाद्या आजाराचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर यांच्याकडून प्रश्न मागवले जातात. उपलब्ध संशोधनातून कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधीच मिळाली आहेत ते तपासले जाते. उरलेल्यांतून एकत्र बसून दहा प्रश्नांची यादी ठरते आणि ती प्रसिद्ध होते. रुग्णाच्या जागी विद्यार्थी व पालक आणि डॉक्टरच्या जागी शिक्षक ठेवून पाहिले, तर ही रीत महाराष्ट्रातही अवलंबता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक, बोलीभाषक समाजांतील पालक आणि महाविद्यालयीन अध्यापक यांच्याकडून दर पाच वर्षांनी प्रश्न मागवावेत आणि अंतिम यादी मराठीत प्रसिद्ध करावी.

त्यासोबत दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. एक, अनुदानाचा काही भागच या यादीसाठी राखून उरलेला संशोधकाच्या स्वतंत्र जिज्ञासेसाठी मोकळा ठेवावा. लोकांनी प्रश्न ठरवावा, उत्तर कोणीच आधी ठरवू नये. दुसरे, सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक अहवाल ठरावीक मुदतीत मराठीतून सर्वांना उपलब्ध व्हावा. निष्कर्ष शासनाला गैरसोयीचा असेल तरीही, किंबहुना तेव्हा तर अधिकच.

ही मांडणी आज अगत्याची आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये कल्पिलेल्या संशोधन प्रतिष्ठानाच्या कक्षेत मानव्यविद्या स्वतंत्रपणे होत्या. २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या अनुसंधान प्रतिष्ठानात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांना जागा आहे ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे त्यांचा संबंध येतो तेवढीच. आणि या प्रतिष्ठानासमोर २०२३-२८ साठी ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. दुसरीकडे २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. या दर्जातून येणारा निधी केवळ हस्तलिखिते आणि शिलालेख यांच्याकडे जावा काय? त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करणाऱ्यांनी तिच्या पहिलीतल्या वाचकाकडे पाठ फिरवली, तर ते प्राचीनत्व पुढे वाचणार कोण?

शासन आपली पद्धत बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत मराठी विभागांना एवढे तरी करता येईल, की वर्गातील भाषेचा प्रश्न घेऊन आलेल्या शिक्षकाला ‘हा आपला विषय नाही’ असे सांगू नये. शिक्षणशास्त्राच्या सहकाऱ्याला सहमार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि नोंदणी करावी. त्या शिक्षिकेने आमच्या सल्ल्याप्रमाणे कादंबरीकारावर काम केले नाही. त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांच्या वहीतील शब्दांची आम्ही नक्कलही करून घेतली नव्हती.