‘नाही विकायची’ म्हणणाऱ्यांनीच गाड्या राखल्या

जुन्या गाड्यांच्या शौकिनांची एक ठरलेली तक्रार असते. गाडी सापडते, मालकही सापडतो, पण मालक ऐकत नाही. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई या भागात बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या पडवीत नाहीतर शेतातल्या आखाड्यावर एखादी विलीज जीप, लँडमास्टर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा सुरुवातीच्या काळातली फियाट उभी असू शकते. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर कोंबड्या, मागच्या सीटवर सरकीची पोती. पुण्या-मुंबईचा शौकीन किंवा त्याचा दलाल येतो, आकडा सांगतो, उत्तर मिळतं, ‘नाही विकायची.’ मग स्वतः चालवत नाहीत अन् दुसऱ्यालाही देत नाहीत, असं पुटपुटत तो परततो. या गोष्टीत अडाणी आणि हट्टी ठरतो तो मालक. मला हा निवाडा उलटा वाटतो. जी गाडी शोधायला आज कुणी बीडपर्यंत येतो, ती शिल्लक राहिली तीच मुळी त्या नकारामुळे. ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांच्या गाड्या केव्हाच वितळल्या.

हिशेब साधा आहे. शौकीन दारात कधीतरी उगवतो, भंगारवाला वर्षभर फिरतो आणि पत्र्याचा भाव किलोवर लावतो. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला, त्यानंतरही कोरडी वर्षं चुकली नाहीत. घरातलं जे मोडता येईल ते मोडायची वेळ अनेकांवर आली. अशा वर्षांतून एखादी बंद गाडी वाचली असेल, तर त्या घरात कुणीतरी भंगारवाल्याला पुन्हा पुन्हा परत पाठवलं असणार. ‘चालवतही नाहीत’ हा टोमणाही असाच तपासून पाहावा. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि ज्यांना जीप रोज वापरायची होती त्यांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. मॅटाडोरचं इंजिन घातलेल्या जीपा महाराष्ट्रभर धावल्या. पुढे कुणी टप बदलला, कुणी चेसिस लांबवून दहा-बारा माणसं बसतील अशी सोय केली. चालत राहिलेली गाडी अशी तुकड्यातुकड्याने बदलत गेली. बंद करून ठेवलेली मात्र जशी होती तशी राहिली. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम आणले त्यांची मुख्य अट नेमकी हीच आहे : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली, मूळ रूपातली गाडी. या अटीला उतरणारी गाडी सापडण्याची शक्यता रोज वापरणाऱ्यापेक्षा झाकून ठेवणाऱ्याकडे जास्त आहे.

बीडच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांतल्या अल्बियन बनावटीच्या बसचा एक नमुना हैदराबादला आजही जपलेला आहे. शेजारच्या नगरहून १ जून १९४८ ला पुण्याला पहिली एसटी निघाली तेव्हा बीड अजून सरहद्दीच्या पलीकडे होतं. परळीला रेल्वे निजामाच्या काळातच आली, पण बीड शहरात ती यायला २०२५ उजाडलं. एवढी वर्षं बीड शहराचं बाहेरच्या जगाशी नातं होतं ते रबरी चाकांवरच. इथे मोटारी उशिरा आल्या, थोड्या आल्या. त्या होत्या डॉक्टरांकडे, कापसाच्या व्यापाऱ्यांकडे, वकिलांकडे, सरकारी कचेऱ्यांत, आणि नंतर सहकारी साखर कारखान्यांच्या चेअरमन मंडळींकडे. १९६७ साली बीड मतदारसंघाने साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. त्या निवडणुकीत धूळ खाल्लेली एखादी जीप अजून कुणाच्या आखाड्यावर असेल, तर ती बीडमध्ये असण्यातच तिचं निम्मं मोल आहे. पुण्यात नेऊन, लांबी भरून, रंग मारून, रॅलीत उभी केली की ती शंभर जीपांतली एक होते. कुणाची होती, कुठे धावली, का थांबली, हे सांगणारी माणसं मागे गावातच राहतात.

मालक ‘नाही’ का म्हणतो, हे विचारण्याची तसदी फार थोडे घेतात. पुष्कळदा त्याला विकताच येत नसते. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबांना चार मुलं, दोन मुली, त्यांतले काही बीडात, काही संभाजीनगरला, एखादा परदेशात. मालक वारला की कायद्यानुसार वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. ज्या घरात शेतीचा सातबारासुद्धा वर्षानुवर्षं सामाईक राहतो तिथे बंद पडलेल्या फियाटसाठी वारसाचे कागद कोण गोळा करणार? एका भावाने इसार घेतला तर दुसरा भांडायला उभा. भावकीतला हा तिढा परक्यासमोर मांडण्यापेक्षा ‘आबांची आठवण आहे, विकायची नाही’ हे सांगणं सोपं आणि अब्रू राखणारं असतं. दुसरी भीती कागदांची. पासिंग कधीचं संपलेलं, टॅक्स भरलेला की नाही कुणालाच माहीत नाही, त्यात नव्या नंबरप्लेटची सक्ती रोज कानावर पडते. गाडी बाहेर काढली की थकलेलं सगळं अंगावर येईल, असं मालकाला वाटतं. तिसरं कारण अविश्वासाचं, आणि ते अनाठायी नाही. गाडीची खरी किंमत घेणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्याला नसते. मूळ इंजिन नंबर जुळतो का, डॅशबोर्डवरचे मीटर कंपनीचेच आहेत का, १९८९ पूर्वीची तीन अक्षरी नंबरप्लेट आणि जुनं पुस्तक शिल्लक आहे का, यावर भाव ठरतो. भंगाराहून थोडा बरा आकडा सांगणारा माणूस उपकाराची भाषा बोलू लागला की बीडचा शेतकरी सावध होतो. अशी भाषा त्याने मोंढ्यात भरपूर ऐकलेली असते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की नकाराने गाडी वाचत नाही, नुसती सावकाश मरते. हे मान्यच केलं पाहिजे. हैदराबादच्या निजामाची पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट, सहाव्या निजामांनी मागवलेली आणि १९१२ ची बनावट असलेली, कित्येक दशकं पडून राहिली आणि अखेर दुरुस्त होऊन चौमहल्ला राजवाड्यात लोकांसमोर आली. पण त्याच खानदानाच्या इतर कितीतरी मोटारी गॅरेजमध्ये सडल्या. म्हणून नकार पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. नकार आणि हेळसांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी दूर करायला पहिला मोडण्याची गरज नाही, एवढंच सांगतो. बीडची हवा कोरडी. कोकणात पत्रा जितक्या झपाट्याने सडतो तितका इथे सडत नाही. इथे गाडीचा घात करतात ते उंदीर, मातीतला ओलावा, उन्हाने वाळलेलं रबर आणि सुटे भाग काढून नेणारे. गाडी विटांच्या किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलावी, टाकीतलं जुनं पेट्रोल आणि रेडिएटरमधलं पाणी काढून टाकावं, इंजिन जाम होऊ नये म्हणून प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडावं, वायरिंग उंदरांच्या तोंडी पडणार नाही असं बघावं, वर पत्र्याचं छप्पर टाकावं. हे काम तालुक्याचा कुठलाही जुना मेकॅनिक करील. शौकिनांच्या क्लबांनी खरेदीच्या आधी एवढा खर्च उचलला, तर गाडी त्यांच्या मालकीची न होताही वाचेल. मालकीशिवाय वाचवण्यात त्यांना गोडी नसेल, तर वारसा जपण्याची भाषा त्यांनी सोडून द्यावी आणि सरळ हौस म्हणावी. हौस असणं गुन्हा नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. घरात मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज असताना गंजलेल्या लोखंडाची पूजा का करायची? करूच नये. ज्याला विकायची आहे त्याने खुशाल विकावी, फक्त भाव माहीत करून घेऊन विकावी. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आपल्या पद्मिनी मोटारीचे कोटभर येतील असं मानणारेही आहेत, त्यांना कुणीतरी खरं सांगायला हवं. जगात गोदामातल्या गाडीला मोठी रक्कम कधी मिळाली ते पाहिलं तर एक बाब ध्यानात येते. फ्रान्समध्ये रोजे बायाँ या वाहतूक व्यावसायिकाने १९५० च्या दशकापासून जमवलेल्या गाड्या, धंदा बुडाल्यावर, शेडमध्ये अनेक दशकं पडून होत्या. नातवंडांकडे आलेल्या त्या साठेक गाड्यांचा लिलाव फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला झाला आणि त्यांतली एक फेरारी १.६ कोटी युरोंच्या वर गेली. लिलावदारांनी त्या गाड्या धुतल्यासुद्धा नाहीत. कुठे सापडली, कुणाची होती, हातही न लावलेली आहे, याचेच पैसे होते. बीडच्या फियाटला असा भाव येणार नाही हे उघड आहे. पण गाडीसोबत तिची हकिगत टिकली तर मोल वाढतं, हे तिथलं गणित इथेही लागू पडतं. दलाल गाडी उचलतो तेव्हा हकिगत मागे ठेवून जातो, आणि ते नुकसान विकणारा आणि घेणारा अशा दोघांचंही असतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो : ज्या जिल्ह्यातून लाखो माणसं दर वर्षी ऊस तोडायला बाहेर पडतात तिथे श्रीमंतांच्या मोटारींचं कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यानेच अवघड करून ठेवलंय. २०२१ चे नियम दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारीपुरतेच आहेत. मालवाहू ट्रक त्यांत नाही, तीनचाकी टेम्पो नाही, काळीपिवळी नाही. म्हणजे डॉक्टरांची हेराल्ड व्हिंटेज ठरते, पण ज्या टाटा-मर्सिडीज किंवा फार्गो ट्रकमधून टोळ्या पोराबाळांसह, कोंबड्या-भांड्यांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेल्या, तो कितीही जुना झाला तरी कायद्याच्या लेखी भंगारच. बीडचा गेल्या अर्ध्या शतकाचा इतिहास लिहायचा तर तो ट्रक पहिला साक्षीदार आहे. मुकादमाच्या दारात उभ्या राहिलेल्या अशा एका ट्रकमध्ये या जिल्ह्याबद्दल जेवढं सांगण्यासारखं असेल तेवढं चेअरमनच्या दहा अॅम्बेसेडरमध्ये नसेल. हरियाणात तावडूच्या वाहतूक संग्रहालयाने मोटारींच्या रांगेत बैलगाडीलाही जागा दिली. मराठवाड्यात कुणालाच ते सुचू नये, याचं नवल वाटतं.

ट्रक बाजूला ठेवला तरी नियमात एक मोठी पोकळी आहेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याचं मोटारीचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. उशीर झाला तर दर महिन्याचा वेगळा आकार. उलट ५० वर्षं भरली की तीच गाडी २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा नंबर मिळवू शकते. मधली ३५ वर्षं तिने काढायची कशी? १९८५ ची पद्मिनी २०३५ साली वारसा ठरणार आणि तोवर सरकारचं प्रत्येक पाऊल तिला भंगार केंद्राकडे ढकलणार. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटवायच्या हा हेतू योग्यच आहे, पण विटांवर उभी केलेली गाडी धूर सोडत नाही. चालवणार नाही असं लिहून देणाऱ्याला नाममात्र शुल्कात ‘राखीव’ नोंद मिळावी. मालकाच्या मनातली निम्मी भीती तिथेच संपेल.

तोपर्यंत शोधणाऱ्यांना करण्यासारखं बरंच आहे. पहिल्या भेटीत भावाचा विषय काढू नये. फोटो, आरसी बुकाची प्रत, गाडी कुणी कधी घेतली, शेवटची कधी चालली, एवढं मालकाच्या परवानगीने लिहून घ्यावं आणि त्याची एक प्रत त्याच्याच घरी ठेवावी. वारसांचे कागद अडले असतील तर ते सोडवायला मदत करावी, मग गाडी विको वा न विको. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर गेल्या की ज्या घरांत फक्त म्हातारी माणसं उरतात तिथे सौद्याला मुळीच जाऊ नये. मुलं गुढीपाडव्याला घरी येतात, तेव्हा सगळ्यांसमोर बोलावं. आणि बीड व अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयांनी वर्षातून एक दिवस मयत मालकांच्या नावावरच्या गाड्यांचं शिबिर लावलं, जुना दंड विचारला जाणार नाही असं आधी जाहीर करून, तर कितीतरी पडव्यांमधून आरसी बुकं बाहेर येतील. कुठे काय उभं आहे याची पहिली खरी यादीही त्याच दिवशी तयार होईल.