भातखाचरातला शिकारी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की गोव्यातल्या शेतांत रात्री बॅटऱ्या फिरू लागतात. उन्हाळाभर जमिनीत दडून बसलेला बुलफ्रॉग हा बेडूक याच सुमारास वर येतो. नर पिवळाधमक होतो, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीला साद घालतो आणि त्या आवाजाच्या मागावरच माणसं त्याच्यापर्यंत पोहोचतात. डोळ्यांवर झोत पडला की तो जागचा हलत नाही. पोत्यात जाणाऱ्या माद्यांच्या पोटात तेव्हा अंडी असतात. या बेडकाच्या मांसाला गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही शिकार गुन्हा आहे, पावसाळ्यात वनखातं गस्तही घालतं. तरी ती थांबलेली नाही.

यातलं क्रौर्य खुपतंच, पण त्याहून जास्त खुपतं ते शेताचं नुकसान. बुलफ्रॉग हा भातशेतीतला शिकारी आहे. तोंडात मावेल ते तो गिळतो: नाकतोडे, अळ्या, भुंगेरे, खेकडे, उंदराची पिल्लंसुद्धा. त्याची पाण्यातली पिल्लंही मांसाहारी असतात. तो स्वतः सापांचं आणि बगळ्यांचं अन्न. पेरणीच्या तोंडावर त्यालाच उचलून नेलं, तर किडीला रान मोकळं मिळतं आणि उंदीर खाणाऱ्या सापांचाही घास जातो. वाघासाठी आपण अभयारण्यं राखली. बांधावरच्या या शिकाऱ्याला मात्र शिकारी म्हणून आपण मोजतच नाही.

त्याला विकून काय होतं, हे देशाने एकदा अनुभवलं आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बेडकांच्या तंगड्या निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत भारत होता. वर्षाला हजारो टन तंगड्या युरोप-अमेरिकेला जात आणि त्यासाठीचे बेडूक शेतांतून, पाणथळींतून धरलेले असत. 1985मध्ये ही जात वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आली आणि 1987मध्ये भारताने निर्यात बंद केली. शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार विकायचा आणि वर कीटकनाशक विकत घ्यायचं, असा तो व्यवहार होता. बंदीचा निर्णय योग्यच होता. माझ्या मते तो उशिरा झाला.

अर्थात शिकारी आला की समतोल साधला, इतकं हे सोपं नाही. हाच बुलफ्रॉग माणसाच्या हातून अंदमानात पोहोचला आणि तिथे उपद्रवी ठरला. बेटांवरचे मूळचे बेडूक आणि सरडे तो खातो, माणसांनी पाळलेले मासे आणि कोंबड्यांची पिल्लंही सोडत नाही. तिथले जीव त्याच्यासोबत वाढलेले नाहीत. आपल्या शिवारात भक्ष्य, भक्षक आणि पावसाचं चक्र पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळलेलं आहे. म्हणूनच तो इथे हवा आणि तिथे नको.

जून-जुलैत गोव्याला जाल आणि कुणी हळूच हे मांस देऊ केलं, तर नाही म्हणा आणि वनखात्याला कळवा. शेतकरी मित्रांना एवढंच सांगणं आहे की पहिल्या पावसानंतर बांधालगतच्या डबक्यांत कीटकनाशक जाऊ देऊ नका. बेडकांची अंडी तेव्हा तिथेच असतात.