सुकाणूं कोणाच्या हातीं?

येरवड्याचें नांव निघालें म्हणजे पुष्कळांस तुरुंग आठवतो. होडी सहसा कोणास आठवत नाहीं. तथापि आमच्या गांवाच्या दारांतील मुळा-मुठेवर नौकाविहार जुनाच आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें येथें बंधारा झाला आणि त्याच्यामागें संथ पाण्याचा मोठा सांठा झाला. नदीकांठीं १८६८ सालीं कॉनॉट बोट क्लब निघाला. वर संगमावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘रेगाटा’ १९२८ पासून गाजत आला आहे. मात्र या होड्या वल्ह्यांच्या. शिडास नुसतें पाणी पुरत नाहीं, मोकळा वाराहि लागतो. आणि आज नदीचें पाणी तर हात बुडविण्याजोगें राहिलेलें नाहीं. म्हणून आमच्या एकत्र कुटुंबानें तीन वर्षांपूर्वीं लहानशी शिडाची होडी घेतली, ती येरवड्यास न आणतां मूळ गांवीं, दाभोळच्या खाडींत ठेविली. दिवाळींत व नाताळांत घरची मंडळी तेथें जाऊन ती चालविण्यास शिकतात. या कौटुंबिक सदरांत होडीचें काय काम, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर पुढें आहेच.

शिडाच्या होडीचें शास्त्र दिसतें तितकें अवघड नाहीं. वारा पाठीमागून असला म्हणजे ती चालते, हें पोरासहि कळतें. आश्चर्य हें कीं ती वाऱ्याच्या दिशेकडेहि जाऊं शकते. नाळ थेट वाऱ्याच्या तोंडावर धरली तर शीड फडफडतें व होडी थांबते. पण सुमारें ४५ अंशांचा कोन राखून शिडाचा दोर आंवळला तर ती तिरकी पुढें सरकते. तळाखालची उभी फळी तिला आडवें घसरूं देत नाहीं, म्हणून हें साधतें. मग नाळ फिरवून दुसऱ्या अंगानें तितकेंच तिरकें जावयाचें. अशा नागमोडी चालीनें वाऱ्याकडील धक्का गांठतां येतो. सुकाणूंचा दांडा डावीकडे लोटला कीं होडी उजवीकडे वळते, ही उलटी गोष्ट हातांत मुरण्यास आठवडा जातो. जोराची झुळूक आली तर दोर सैल सोडावा. शीड रितें होतें आणि कललेली होडी सरळ होते. पावसाळ्यांत होडी बाहेर काढीत नाहींत. तेव्हां येरवड्याच्या गच्चीवर दोरांच्या गांठी आणि तलावांत पोहणें, हा अभ्यास चालतो.

शिकविणारे गांवचे वृद्ध तांडेल. त्यांचा पहिला नियम असा, कीं ज्या होडींत एकालाच होडी येते ती धक्क्यावरून सोडावयाची नाहीं. तोच पाण्यांत पडला तर त्याला आणणार कोण? म्हणून ते न सोललेला नारळ खाडींत टाकीत आणि ‘दादा पडले’ म्हणून सांगत. एकानें नारळाकडे बोट धरून नजर न हलवितां बसावयाचें, दुसऱ्यानें तरंगतें कडें फेंकावयाचें, आणि सुकाणूं ज्याच्या हातीं त्यानें वळसा घेऊन, नाळ वाऱ्याकडे करून होडी नारळाशेजारीं उभी करावयाची. हा पाठ घरांतील प्रत्येकानें गिरवावयाचा, हा त्यांचा आग्रह.

वडीलधाऱ्यांस प्रथम तो रुचला नाहीं. सुनेनें सुकाणूं धरावें आणि तिच्या सांगण्यावरून सासऱ्यांनीं दोर ओढावा, ही रीत कोठली? परंतु बारा वर्षांची पुतणी ‘काका, डोकें खालीं!’ म्हणून ओरडे, आणि ज्यांच्यापुढें घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं ते काका निमूटपणें वांकत. न वांकल्यास शिडाखालची आडवी काठी कोणाची गय करीत नाहीं. शंका घेणाऱ्यांस आम्ही ‘तारिणी’ची हकीकत सांगितली. गोव्यांत बांधलेल्या या शिडाच्या नौकेंतून भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं, १० सप्टेंबर २०१७ रोजीं निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजीं गोव्यास परतल्या. त्यानंतर वाद थांबला.

एका नाताळच्या सुटींत, मार्गशीर्षांतील एकादशीस, या शिक्षणाची कसोटी लागली. दुपारीं पांच जण होडींत होते. सुकाणूं दादांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या हातीं होतें. एकाएकीं त्यांस घेरी आली, अंगाला दरदरून घाम सुटला व ते होडीच्या तळाशीं बसले. पश्चिमेचा वारा वाढलेला, आणि धक्का पश्चिमेकडेच. धाकट्या वहिनींनीं एक शब्द न बोलतां सुकाणूं घेतलें, पुतणीनें दोर धरला, काकांनीं दादांचें डोकें मांडीवर घेऊन थर्मासांतील गोड चहा घोट घोट पाजला. ओहोटीची साथ होती. सात वेळां नाळ फिरवून पाऊण तासांत होडी धक्क्यास लागली.

डॉक्टर म्हणाले, मधुमेहाची गोळी घेऊन उपवास केल्यामुळें साखर एकदम उतरली. मग त्यांनीं विचारलें कीं गोळी कोणती, किती वेळां? दादा धड बोलण्याच्या स्थितींत नव्हते, आणि त्यांच्यावांचून हें घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें. होडी आणणारीं चार माणसें तेथें होतीं. गोळीचें नांव सांगणारें एकहि नव्हतें.

दादा दोन दिवसांत हिंडूं लागले, आणि येरवड्यास परतल्यावर त्यांनीं स्वतःच एक वही घातली. औषधें, बँकेचे व विम्याचे कागद, घराचे दस्तऐवज, विजेचें मुख्य बटण, हें सर्व तींत लिहिलें. आतां दरमहा पहिल्या रविवारीं एकेक काम ज्यानें कधीं केलें नाहीं त्याच्याकडून करवून घेतात. वहिनी बँकेंत जातात, काका आजींच्या हाताखालीं नैवेद्याचा स्वयंपाक शिकतात. कर्त्या माणसाचा मान यानें कमी झाला असें आम्हांस दिसत नाहीं. त्यांची झोंप मात्र सुधारली आहे. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरीं होडी नसेल, परंतु एकट्यालाच ठाऊक असलेलीं कामें सर्वांच्या घरीं असतात. तीं कोणतीं, हें येत्या रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून लिहून काढावें, एवढीच आमची सूचना.