चावी परत देणारा याजक

ख्रिस्ती सेवा म्हटली की आपल्याला मदर तेरेसा आठवतात, जुन्या गोव्याचे सेंट झेवियर आठवतात. मला हल्ली यहोयादा आठवतो. नाव ओळखीचे वाटत नाही ना? ख्रिस्ती मित्रांनाही ते चटकन आठवत नाही. मी ख्रिस्ती नाही. पण रायतूरला १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ने मला बायबलची गोडी लावली. तिथून मूळ बायबल उघडले, आणि राजांच्या नि इतिहासाच्या पुस्तकांत हा यरुशलेमचा प्रमुख याजक, म्हणजे मंदिराचा मुख्य पुरोहित, भेटला.

काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाचा. यहूदाचा राजा अहज्या मारला गेला आणि त्याची आई अथल्या हिने राजवंश संपवून गादी बळकावली. एक तान्हे बाळ तेवढे वाचले. यहोयादाची बायको यहोशेबा ही मेलेल्या राजाची बहीण. तिने भाच्याला, योवाशाला, दाईसकट उचलून लपवले. ६ वर्षे ते मूल मंदिरात वाढले. सातव्या वर्षी यहोयादाने सैन्याच्या नायकांना विश्वासात घेतले, पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि अथल्येला मंदिराबाहेर नेऊन मारण्याचा हुकूम दिला. हात अगदीच कोरे नव्हते त्याचे.

पण विचार करा. राजा ७ वर्षांचा, सैन्य आपल्या शब्दात, लोक खूष. स्वतःच गादीवर बसायला याहून चांगली संधी कुठली? यहोयादा बसला नाही. गादी दावीदाच्या घराण्याची, आपण फक्त राखण करणारे, हे तो विसरला नाही.

पुढची गोष्ट मला याहून मोठी वाटते. योवाशाने मंदिराच्या डागडुजीचे काम याजकांवर सोपवले होते. लोकांकडून पैसे येत होते, पण त्याच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष उजाडले तरी पडझड तशीच. राजाने यहोयादाला बोलावून सरळ जाब विचारला. ज्याला आपण दाईसकट लपवून वाढवले, तोच आज हिशेब मागतो! आपल्यातला एखादा म्हणाला असता, 'मी नसतो तर तू कुठे असतास?' यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि वेदीच्या उजव्या बाजूला ठेवून दिली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे मिळून पैसे मोजीत, थैल्यांत बांधीत आणि सुतार-गवंड्यांच्या कामावर देत. एकट्याच्या हातात काही नाही. काम झाले.

आता माझी गोष्ट. गावच्या एका छोट्या संस्थेचा मी ११ वर्षे खजिनदार होतो. एका पैशाचीही अफरातफर केली नाही. पण कपाटाची चावी माझ्याच खिशात असायची. नव्या मुलांनी वह्या बघायला मागितल्या तेव्हा मला राग आला. 'एवढी वर्षे राबलो, आणि आता हे विचारणार?' प्रामाणिकपणा आणि मालकी यांची गल्लत कधी झाली ते कळलेच नाही. यहोयादा वाचला तेव्हा शरम वाटली. दुसऱ्या दिवशी चावी दिली.

आपल्याकडे देवळाच्या समित्या आहेत, इगर्जींच्या आहेत, वाचनालये आणि नाट्यमंडळे आहेत. चोर त्यांत थोडे. पण 'मी गेलो तर सगळे बुडेल' म्हणणारे भले लोक पुष्कळ, आणि माझ्या मते संस्था अधिक खिळखिळ्या होतात त्या यांच्यामुळे.

कोणी म्हणेल, यहोयादा गेल्यावर खरेच बुडाले की! तो १३० वर्षांचा होऊन वारला. मग योवाश सरदारांच्या नादी लागून मूर्तिपूजेकडे वळला. त्याबद्दल बोलणाऱ्या जखऱ्याला, यहोयादाच्याच मुलाला, त्याने मंदिराच्या अंगणात दगडांनी मारवले. खरे आहे. म्हणून गादी परत देणे चुकीचे ठरत नाही. ती त्याची नव्हतीच. नीट वापरशील अशी हमी घेऊनच परत करायची असेल, तर ती राखण कसली?

येशूनेही शिष्यांना हेच शिकवले, की सांगितलेले सारे केल्यावरही आपण साधे चाकरच, नेमून दिले तेवढेच केले असे म्हणावे. ख्रिस्ती सेवेचे मर्म मला यात दिसते, आणि ते कळायला ख्रिस्ती असावे लागत नाही.

जाता जाता एवढेच. यहोयादाला लोकांनी राजांच्या कबरींत पुरले. राजा योवाशाला मात्र तिथे जागा मिळाली नाही.