मुका टॅपेट

वसमत व हिंगोलीच्या हळद बाजारांत ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्याची मोटारसायकल म्हणजे त्याचे चालते दुकानच. तिचा टॅपेट वाजू लागला, की आवाज थांबेपर्यंत स्क्रू आवळण्याचा मोह होतो. हिशेब मात्र उलटा आहे. तापल्यावर व्हॉल्व्ह प्रसरण पावतो. त्यासाठीच मिलिमीटरच्या काही शतांशांची फट राखलेली असते. फट वाढली तर इंजिन बोलून दाखवते. उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब गळतो आणि त्याची कड निमूटपणे जळत राहते.

तपासणी रात्रभर निवलेल्या इंजिनावर, दुकान उघडण्यापूर्वी करावी. फ्लायव्हीलवरील ‘टी’ खूण जुळून दोन्ही रॉकर किंचित हलले, म्हणजे योग्य टप्पा आला. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीची फीलर पट्टी फटीतून जराशी अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवावा आणि नंतर पट्टी पुन्हा घालून पाहावी; नट आवळताना फट अनेकदा बदलते. तारीख व किलोमीटर वहीत नोंदवावेत.

जाणता पेढीवाला कुरकुरणाऱ्या खात्याआधी गप्प झालेले खाते उघडून पाहतो. टॅपेटलाही तोच न्याय लागू आहे.